सहभागी क्रमांक ११७

फेब्रुवारीत आमची जीप तारामुंबरीला उतरली
तेव्हा खोक्यात बारा होल्टर होते, चालू नऊ.
विद्यापीठाचा शिक्का, संमतीपत्रांचा गठ्ठा,
आणि चिकटपट्ट्या, ज्या इथल्या घामाला दाद देत नाहीत.
माझ्या सोलापूरकडच्या कोरड्या कातडीवर
त्या तीन-तीन दिवस टिकायच्या.
इथे मी आधी स्पिरिटने मीठ पुसते,
मग पुन्हा पुसते.

जयवंती कुबल, वय एकसष्ट, व्यवसाय मासेविक्री.
चक्कर येते? "उन्हान येता."
छातीत धडधड? "लिलावाक."
कधी शुद्ध हरपली? यावर ती सुनेकडे बघते,
सून भिंतीकडे.
मी "नाही"वर खूण करते
आणि शाई वाळेपर्यंत थांबते.

पाच तारा, पदराआड डबी.
"गाणी लागतत काय गो ह्येच्यात?"
चोवीस तास. काय केलं ते वेळेसकट वहीत लिहायचं.
सून लिहील, सातवी पास आहे.

वही अशी परत आली:
सवापाच, बंदरार.
साडेसा, बांगडो उतारलो, भाव पडलो.
अकरा, जेवली.
चार, लिलाव, भांडाण.
नऊ, निजली.
आणि खाली, वेगळ्या पेनाने, वेळ न घालता:
उठली. बसली. परत निजली.

रत्नागिरीत स्क्रीनवर
एक लाख आठ हजार ठोके.
भांडणात मिनिटाला एकशे बत्तीस, पण ओळीत, एकही चुकार नाही.
टोपलीतली सुंगटं मोजावीत तशी मी मोजत गेले.
रात्री तीन वाजून सात मिनिटांनी
रेघ आडवी पडली.
तीन पूर्णांक आठ सेकंद.

सर म्हणाले, तार सुटली असेल, मिठाने.
काप तो तुकडा.
मागच्या गावात असे चौदा कापलेच की आपण.
मी रेघ मोठी केली. अजून मोठी.
तार सुटली की रेघ केसाळ होते, पिसाटते.
ही शांत होती. हिच्यात ठोका नव्हता,
श्वास मात्र होता,
ओहोटी संपून भरती लागायच्या आधी
खाडीच्या पाण्याला असते तेवढी हालचाल.
तार जागेवर होती.

(मागच्या गावातले चौदा
मी त्याच रात्री पुन्हा उघडले.
प्रबंधात त्याची तळटीप येईल.)

पत्र घेऊन गेले तर ती बंदरावर,
बर्फ सारून सौंदाळे निवडत.
मी सगळं सांगितलं: सेकंद, धोका, कोल्हापूर,
कातडीखाली बसवायचं काड्यापेटीपेक्षा लहान यंत्र.
"खाऱ्या हवेन गंजात काय गो तां?"
नाही गंजत.
"आणि माझी ती तीन सेकंदां?
ती खय गेली मगे?"
याचं उत्तर पत्रात नव्हतं.
मी पत्राची घडी उलगडली, पुन्हा घातली.

सून हळूच म्हणाली,
गेल्या शिमग्याक चुलीकडे पडली होती.
कोणाक सांगू नको म्हणाली.

जयवंतीबाईंनी एक सौंदाळा उलटा करून कल्ला पाहिला.
"जूनात करूया. बोटी वर काडतत,
इंजिनां खोलतत, तेवाच माझा पण."
जूनला चार महिने आहेत, मी म्हटलं.
"थांबात काळीज."

वाट बघेल, असं म्हणायचं होतं तिला.
मला दुसरं ऐकू आलं.
मी सुनेकडे बघितलं, आणि या वेळी
तिच्यासमोर भिंत नव्हती, नुसतं बंदर होतं.
ती हात पुसत म्हणाली,
"कोल्हापूरची गाडी सकाळची कितीक?"